फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवा

(दहावी १९९० च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या सभागृहात केलेल्या भाषणाचे लेखी रूप. भाषणात दाखवलेली दोन छायाचित्रे येथे शब्दांतच सांगितली आहेत.)



काल संध्याकाळी आपल्या डॉक्टरने गुडघे कसे सांभाळायचे ते सांगितलं. मग बँकेतल्या मैत्रिणीने निवृत्तीनंतर पैसे कुठे ठेवायचे ते सांगितलं. दोन्ही भाषणं ऐकून आपण किती म्हातारे झालो हे लक्षात आलं आणि जेवण कमी गेलं. म्हणून आज सकाळी जरा उजेड पाडायला मला उभं केलंय, असं संयोजकांचं म्हणणं. दहावीत मी काय उजेड पाडला होता तो इथे सगळ्यांना माहीत आहे. समोर बसलेल्या गणिताच्या बाईंना तर जास्तच. पण उजेड हाच माझा धंदा आहे. बत्तीस वर्षं कराडात आणि आसपासच्या गावांत लग्नं, मुंजी, बारशी, पासपोर्ट फोटो, सगळं केलं. त्या सगळ्यातून शिकलेली एकच गोष्ट सांगणार आहे. ती म्हणजे फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवा. आणि तो उतरवायला हे जे छोटं यंत्र लागतं, हा ट्रिगर, त्याची माहिती देणार आहे. शेवटी एक कबुलीही द्यायची आहे. ती ट्रिगरशीच जोडलेली आहे, म्हणून आधी ट्रिगर समजून घ्या.

विज्ञानाचे सर, तुम्ही जरा या खुर्चीत बसता का? पाठीमागे भिंत आहे, हरकत नाही. सर, हसायचं नाही, तुम्ही आम्हाला 'हसू नका' म्हणताना जसे बसायचा तसेच बसा.

(येथे सरांचा पहिला फोटो काढला आणि पडद्यावर दाखवला.)

हा फोटो फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर ठेवून काढला. बघा, सर ओळखू येतात. पण कपाळ आणि नाकाचा शेंडा चमकतोय, गाल सपाट झालेत, चष्म्याच्या काचेत पांढरा ठिपका आणि मागच्या भिंतीवर डोक्याला चिकटून काळी कड. रात्री मोटारसायकलच्या दिव्यासमोर माणूस अचानक आला की दिसतो, तसे सर दिसताहेत. तुमच्या सगळ्यांच्या घरात लग्नाचा अल्बम आहे, त्यात असे दीडदोनशे फोटो असतील. आपण कॅमेऱ्याला दोष देतो, नाहीतर स्वतःच्या चेहऱ्याला. दोष असतो उजेडाच्या दिशेचा. उजेड डोळ्यांच्या रेषेतूनच गेला की सावली वस्तूच्या मागे लपते. आणि सावली दिसली नाही, तर उंचसखल काय आहे हे डोळ्याला कळत नाही.

आता हाच फ्लॅश मी काढतो, या स्टँडवर लावतो, समोर ही पांढरी छत्री. स्टँड सरांच्या डाव्या हाताला, चार-साडेचार फुटांवर, डोक्यापेक्षा थोडा वर. कॅमेऱ्यावर आता फक्त ही काडेपेटीएवढी डबी आहे.

(येथे दुसरा फोटो काढला. पडद्यावर आल्यावर सभागृहात बराच वेळ टाळ्या झाल्या.)

तीच खुर्ची, तेच सर, तोच फ्लॅश. पण आता कपाळावरच्या आठ्या दिसताहेत, भुवईचे पांढरे केस दिसताहेत, नाकाची छोटी सावली गालावर पडली आहे. सरांनी पस्तीस वर्षांत काय काय सोसलं ते दिसतंय, त्यात आपलीही तुकडी आली. यात काही जादू नाही. आपल्या वर्गात खिडक्या डाव्या हाताला असायच्या, आठवतं? उजव्या हाताने लिहिताना वहीवर हाताची सावली पडू नये म्हणून शाळा तशा बांधतात. त्या खिडकीजवळ बसलेलं कुणीही चांगलं दिसायचं. पुढच्या बाकांवर खिडकीशी कोण बसायचं आणि आपण कुठे बघायचो, ते इथे सांगत नाही. ती खिडकी मी स्टँडवर ठेवली आहे, एवढंच.

तुम्ही म्हणाल, मग पहिल्यापासून असंच का नाही केलं? करता येत नव्हतं. मी १९९३ ला स्टुडिओत उमेदवारी करायला लागलो. स्टुडिओत दिवे बाजूला असायचे, तिथे प्रश्न नव्हता. प्रश्न मंडपात होता. कॅमेऱ्याचं बटण दाबलं की आतला पडदा एका सेकंदाच्या लहानशा भागापुरता उघडतो, आणि नेमक्या तेवढ्यातच फ्लॅश उडायला हवा. फ्लॅशमध्ये एक कपॅसिटर असतो, त्यात तीनशे व्होल्टच्या आसपास वीज साठवतात, आणि ती एका झटक्यात झेनॉन वायूच्या नळीत सोडतात. तो झटका सेकंदाच्या हजाराव्या भागाचा, कधी त्याहूनही लहान. त्यामुळे 'आत्ता' हा निरोप कॅमेऱ्याकडून फ्लॅशकडे वेळेत पोचायला हवा. फ्लॅश डोक्यावर असेल तर निरोप खालच्या पितळी ठिपक्यातून जातो. बाजूला असेल तर वायर लागायची, तिला आम्ही सिंक कॉर्ड म्हणायचो. भर मंडपात वायर टाकून बघा. एका लग्नात नवरदेवाचा भाचा तिच्यात पाय अडकून पडला. पोराला लागलं नाही, पण त्याच्या आत्याने मला जे सुनावलं ते अजून आठवतं.

दुसरा उपाय स्लेव्ह. म्हणजे दुसऱ्या फ्लॅशचा लखलखाट पाहून उडणारा डोळा. स्टुडिओत तो छान चालतो. लग्नात मात्र पाव्हण्यांपैकी कुणीही आपला कॅमेरा काढून फ्लॅश मारला की माझा फ्लॅश त्याच्यासाठी उडायचा. माझी वेळ आली की तो चार्ज होत बसलेला. शेवटी सगळे डोक्यावरच्या फ्लॅशवर परत यायचे. व्हिडिओवाल्याचा हॅलोजन असायचाच, त्याच्यामागे वायर सांभाळणारा पोरगा. हॅलोजनच्या उजेडात नवरीचा मेकअप वितळायचा आणि भटजींना घाम फुटायचा.

आता हा ट्रिगर. दोन डब्या असतात. एक कॅमेऱ्यावर बसते, ती पाठवणारी. दुसरी फ्लॅशच्या पायाला, ती ऐकणारी. बटण दाबलं की पहिली डबी रेडिओ लहर सोडते, दुसरी ती ऐकून फ्लॅशला उडव म्हणते. बस. साधा ट्रिगर याहून जास्त काही बोलत नाही. किती जोरात उडायचं ते फ्लॅशवर हाताने ठरवायचं.

समजायला सोपं करतो. आपल्या शाळेची घंटा आठवा. शिपाईकाका व्हरांड्याच्या टोकाला उभे राहून त्या लोखंडी पट्टीवर टोल द्यायचे. त्यांना पाचवी अ मध्ये काय चाललंय आणि आठवी क मध्ये कोण मार खातंय याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा निरोप एकच, 'आत्ता'. आणि सगळे वर्ग एकाच क्षणी सुटायचे. ट्रिगर म्हणजे ते काका. एक पाठवणारा, आणि ऐकणारे कितीही. एक फ्लॅश असो, चार असोत, सगळे एकदम उडतात. भिंतीपलीकडचाही उडतो, कारण रेडिओ लहरीला समोरासमोर असण्याची गरज नाही. शेजारच्या शाळेची घंटा ऐकून आपण सुटायचो नाही, तसं इथे चॅनेल असतात. दोन फोटोग्राफर एकाच कार्यालयात असले तर वेगवेगळे चॅनेल लावायचे.

सर, तुम्ही आम्हाला जगदीशचंद्र बोस शिकवले होते. १८९० च्या दशकात त्यांनी कलकत्त्यात बिनतारी लहरी भिंतीपलीकडे पाठवून तिथली घंटा वाजवली आणि बंदुकीच्या दारूचा स्फोट करून दाखवला. तेव्हा ते फक्त परीक्षेसाठी पाठ केलं. आता वाटतं, माझ्या धंद्याचा पहिला ट्रिगर तोच. इकडून इशारा, तिकडे घंटा आणि भडका.

रेडिओवर चालणारे चांगले ट्रिगर परदेशात आधीपासून होते. पॉकेटविझार्ड नावाचे अमेरिकन ट्रिगर मोठे स्टुडिओ आणि वृत्तपत्रांचे फोटोग्राफर वापरायचे. पण त्यांची किंमत माझ्यासारख्याच्या एका महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त होती. त्याच सुमारास एक गोष्ट घडली. अमेरिकेतल्या 'बाल्टिमोर सन' या वृत्तपत्राचे छायाचित्रकार डेव्हिड हॉबी यांनी २००६ पासून 'स्ट्रोबिस्ट' या नावाने छोटे फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून कसे वापरायचे ते फुकट शिकवायला सुरुवात केली. मोठे स्टुडिओ-दिवे नकोत, दोन छोटे फ्लॅश, स्टँड आणि छत्री पुरे, हे त्यांचं सांगणं जगभर पसरलं. मागणी वाढली तसे चिनी कारखान्यांनी स्वस्त ट्रिगर काढले. सुरुवातीला ४३३ मेगाहर्ट्झवर चालणारे, मग योंगनुओसारख्या कंपन्यांचे २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे. वाय-फाय आणि ब्लूटूथ वापरतात तीच ही लहर, आपल्याकडे तिला परवाना लागत नाही.

माझी पहिली जोडी मी २००८ मध्ये मुंबईला फोर्टातून आणली, अठराशे रुपयांना. एसटीत डबी मांडीवर ठेवून आलो. त्या रात्री घरात बायकोचे, आईचे, शेजाऱ्यांचे फोटो काढले. आईचा फोटो बघून मी थांबलोच. पंधरा वर्षं फोटो काढत होतो, पण आईच्या चेहऱ्यावर इतक्या बारीक रेषा आहेत हे त्या दिवशी पहिल्यांदा फोटोत आलं. पैठणीची जर, नथीतले मोती, हळदीचा हात, हे सगळं बाजूच्या उजेडात जिवंत होतं. समोरच्या फ्लॅशमध्ये जर म्हणजे नुसता पिवळा पट्टा.

स्वस्त ट्रिगरला खोडी होत्या, त्या मला शिकवून गेल्या. पहिली खोड अशी. कॅमेऱ्याच्या आत दुकानाच्या शटरसारखे दोन पडदे असतात. एक उघडत जातो, त्याच्यामागून दुसरा बंद करत येतो. सेकंदाच्या दोनशेव्या भागापर्यंत मधे एक क्षण असा असतो की पूर्ण दार उघडं असतं. त्याहून वेग वाढवला की दुसरा पडदा आधीच निघतो, नुसती फट सरकते, आणि फ्लॅशचा उजेड तेवढ्याच फटीतून आत येतो. बाकी काळं. स्वस्त ट्रिगर निरोप पोचवायला किंचित उशीर करायचा, त्यामुळे दोनशेवरही काळी पट्टी यायची. एका स्नेहसंमेलनात नाटकातल्या मुलांचा ग्रुप फोटो काढला, पहिल्या रांगेतल्या सगळ्यांचे पाय गायब. तेव्हापासून मी १/१६० च्या वर जात नाही. वेग कमी केल्याने फ्लॅशचा उजेड कमीजास्त होत नाही, कारण फ्लॅशचा झटका पडद्यापेक्षा कितीतरी लहान असतो. वेगाने फक्त आजूबाजूच्या दिव्यांचा उजेड बदलतो. फ्लॅशचा उजेड हवा तसा करायला लेन्सचं छिद्र, आयएसओ, फ्लॅशची ताकद आणि अंतर.

अंतराचं सांगतो. सर फळ्यावर लिहायचे, 'अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात'. मी ते न्यूटनसाठी पाठ केलं. उजेडालाही तेच लागू आहे. फ्लॅश एका मीटरवरून दोन मीटरवर नेला की उजेड निम्मा होत नाही, चौथा हिस्सा होतो. तीन मीटरवर नववा. म्हणून जवळचा माणूस पांढराफटक आणि मागचा काळा, असे फोटो येतात. ग्रुप फोटोत फ्लॅश लांब आणि उंच न्यायचा, म्हणजे पुढच्या-मागच्या रांगांच्या अंतरातला फरक कमी होतो. एकट्या माणसाला जवळ घ्यायचा, म्हणजे मागची भिंत आपोआप अंधारात जाते. हे एक सूत्र मला मंडपात रोज उपयोगी पडतं. सर, गुण तेव्हा दिले नाहीत, आता द्या.

आता कबुली.

शिपाईकाकांचं नाव मी घेतलं. त्यांचा मुलगा आपल्याच वर्गात होता, तिसऱ्या रांगेत बसला आहे. त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न २००९ मध्ये झालं. फोटोचं काम मी घेतलं. पैसे घेणार नव्हतो, काकांनी बळेच हातात दिले. माझ्याकडे नवे ट्रिगर होते, डोक्यात हवा होती. दोन्ही फ्लॅश स्टँडवर लावले, एक डावीकडे, एक उजवीकडे. कॅमेऱ्याच्या डोक्यावर ट्रिगरची डबी. ती तिथे बसली की दुसरा फ्लॅश तिथे लावता येत नाही, आणि कॅमेऱ्यातला छोटा फ्लॅशही तिच्याखाली उघडत नाही. म्हणजे सगळी मदार त्या एका डबीवर.

त्या डबीत बारा व्होल्टचा छोटा सेल होता, दाराच्या बिनतारी बेलच्या बटणात असतो तसा. आदल्या रात्री हळद आणि सीमांतपूजन यात चारपाचशे फोटो निघाले. सकाळी कार्यालय रिकामं असताना मी स्टँडच्या शेजारी उभं राहून दोनदा फ्लॅश उडवला. उडाला. डबीवरचा लाल दिवाही लागत होता. मी खुशीत. सेल उतरत आला की दिवा लागतो, पण लहर लांब जात नाही, हे मला माहीत नव्हतं. आणि माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणी, ते लहर शोषतं, हेही कधी मनात आलं नाही. रिकाम्या हॉलमध्ये दोन हातांवरून जे चालत होतं, ते गच्च भरलेल्या हॉलमध्ये पंचवीस फुटांवरून चालायला हवं होतं.

मंगलाष्टकं संपत आली. वधूच्या मागे मामा, आणि बाजूला काका. पांढरा सदरा, पांढरी टोपी, हात जोडलेले. 'सावधान' झालं, अंतरपाट खाली आला. मी बटण दाबलं. फ्लॅश उडाला नाही. पुन्हा दाबलं. नाही. अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली, मी तिसऱ्यांदा दाबलं. मग भानावर येऊन डबी काढून टाकली, स्टँडवरचा फ्लॅश ओढून डोक्यावर लावला आणि हार घालतानाचे फोटो घेतले. ते सगळे आले. पण अंतरपाटाच्या क्षणाचे तीन फोटो काळे आले. व्हिडिओवाला मुलाकडच्या बाजूला उभा होता, त्याच्या दिव्यात नवरदेवाचा अर्धा चेहरा दिसतो. मुलगी आणि काका अंधारात. फोटो मी जेपेगमध्ये काढत होतो, त्यामुळे नंतर उजळून पाहिले तरी नुसता राखाडी चिखल.

अल्बम देताना मित्राने विचारलं, अंतरपाटाचा फोटो कुठंय? मी म्हणालो, "मधे कुणीतरी आडवं आलं रे." गर्दीत असं होतंच, त्याला पटलं. मी खोटं बोललो. वीस रुपयांचा सेल बदलला नाही हे सांगायची लाज वाटली.

काका २०१६ मध्ये गेले. या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने शिक्षकांबरोबर काकांचाही फोटो छापायचं ठरवलं. सगळ्यांनी घरं धुंडाळली. शाळेच्या दरवर्षीच्या ग्रुप फोटोत काका नाहीत, कारण बाक लावायला आणि मुलांना उंचीप्रमाणे उभं करायला तेच असायचे, आणि फोटो काढताना बाजूला व्हायचे. एका फोटोत कडेला त्यांचा हात आणि खांद्यावरचा टॉवेल आहे. रेशनकार्डावरचा फोटो मिळाला, तो पुसट. लग्नाच्या अल्बममध्ये ते पंगतीत वाढताना पाठमोरे आहेत, आणि एका फोटोत इतके लांब की चेहरा कळत नाही. मुलीकडे बघत हात जोडून उभे असलेले काका फक्त माझ्या त्या तीन काळ्या फोटोंत आहेत.

काल रात्री जेवणानंतर मी मित्राला व्हरांड्यात घेऊन गेलो आणि हे सगळं सांगितलं. सोळा वर्षं उशिरा. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अण्णांना माहीत होतं. त्यांनी तुझ्याकडे बघितलं होतं, फ्लॅश पडला नाही ते त्यांना दिसलं. घरी म्हणाले, पोराचं मशीन बंद पडलं, त्याला कुणी विचारू नका. मी तरी तुला विचारलंच." मी विचारलं, हे सगळ्यांना सांगू का? तो म्हणाला, "सांग. म्हणजे अण्णांचा फोटो का नाही ते तरी स्मरणिकेत येईल." म्हणून सांगितलं.

यात ट्रिगर स्वस्त होता म्हणून घात झाला, असं म्हणणं मला सोपं आहे. काही लोक म्हणतातही, स्वस्त वस्तू घेतली की असंच होतं. पण त्याच ट्रिगरने त्याआधी आणि नंतर हजारो फोटो नीट दिले. माझ्या आईचा जो फोटो आज घरात लावला आहे, तो त्याचाच. स्वस्त वस्तू वाईट नसते, पण तिची चौकशी आपण करायची असते. महाग वस्तू ती थोडीफार स्वतः करते, फरक एवढाच.

आता ज्यांना हे करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. निवृत्तीनंतर कॅमेरा घेणारे आपल्यात बरेच निघतील असं काल कळलं.

पहिली, आता चांगले ट्रिगर खूप सोपे झाले आहेत. गोडॉक्ससारख्या कंपन्यांच्या ट्रिगरवरून फ्लॅशची ताकद कॅमेऱ्याजवळूनच बदलता येते, आणि ऐकणारी डबी फ्लॅशच्या पोटातच असते. घेताना आपल्या कॅमेऱ्याच्या कंपनीसाठीचा आहे ना, तेवढं दुकानदाराला विचारा. सगळ्या कॅमेऱ्यांना एकच चालत नाही.

दुसरी, घरातला जुना फिल्मच्या काळातला फ्लॅश थेट डिजिटल कॅमेऱ्यावर लावू नका. काही जुन्या फ्लॅशच्या पायात शंभर-दोनशे व्होल्टहून जास्त दाब असतो, नव्या कॅमेऱ्याचं सर्किट त्याने जळू शकतं. आधी दुरुस्तीवाल्याकडे मोजून घ्या.

तिसरी, सुरुवातीचं माप देतो, लिहून घ्या. कॅमेरा मॅन्युअलवर, वेग १/१६०, छिद्र ५.६, आयएसओ ४००. फ्लॅशही मॅन्युअलवर, ताकद आठवा हिस्सा. फ्लॅश चेहऱ्यापासून चार-पाच फुटांवर, पंचेचाळीस अंशांत बाजूला, डोळ्यांच्या थोडा वर, मधे पांढरी छत्री. फोटो पांढरा आला तर ताकद निम्मी करा, काळा आला तर दुप्पट. सावली फार गडद वाटली तर दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा धरा. छत्री नसेल तर पांढऱ्या भिंतीवर फ्लॅश मारा, भिंतच खिडकी होते.

चौथी, आणि हीच खरी. कामाच्या दिवशी सकाळी सगळे सेल नवे किंवा पूर्ण चार्ज केलेले घाला, दिवा लागतोय म्हणून जुने ठेवू नका. ऐकणारी डबी गर्दीच्या डोक्यांच्या वर राहील इतका स्टँड उंच करा. चाचणी फ्लॅशच्या शेजारून करू नका, जिथून फोटो काढणार तिथूनच करा, आणि माणसं भरल्यावर पुन्हा एकदा करा. एक फ्लॅश आणि एक जादा ट्रिगर गळ्यातल्या पिशवीत तयार ठेवा. आणि तरीही चुकलं, तर लगेच सांगा. अक्षता पडून गेल्यावर अंतरपाट पुन्हा धरता येत नाही हे खरं, पण काकांना त्याच दिवशी बाजूला खुर्चीत बसवून मुलीबरोबर एक चांगला फोटो मला नक्की काढता आला असता. फ्लॅश तिथेच होता, सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होता. मी चूक लपवायच्या नादात तोही काढला नाही.

वीस मिनिटं कधीच झाली, संयोजक घड्याळ दाखवताहेत. मी हा स्टँड इथून उचलून व्हरांड्यात लावणार आहे, जिथे काका घंटा द्यायचे त्या खांबाजवळ. जेवणापर्यंत तिथेच आहे. सर, बाई, आधी तुम्ही या. पण त्याच्याही आधी, सकाळपासून आपल्याला चहा देणाऱ्या शाळेच्या शिपाई मावशींना मी बोलावलंय. त्या म्हणाल्या, माझा कशाला फोटो? म्हटलं, तुमचाच पहिला. पुढच्या स्मरणिकेला शोधाशोध नको.

सेल सकाळीच नवे घातले आहेत.